पोळ्यापासून होळीपर्यंत

आपल्या सणांत ळ किती आहे, हे जालना जिल्ह्यातल्या शाळांमधून वाचा-उपचाराचं काम करायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं. पोळा, दिवाळी, होळी ही तर सणांची नावंच. शिवाय रांगोळी, फराळ, ओवाळणी, पुरणपोळी, तिळगूळ. जालन्यात नाताळही परका नाही; एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी शहराजवळच बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं. आणि नाताळातही ळ आहेच.

ळ उच्चारायला कठीण. जिभेचं टोक मागं वळून टाळूला टेकतं आणि झटक्यात पुढं येतं. हा वर्ण मुलांना उशिराच साधतो, म्हणून बालवाडीतलं मूल 'पोला' म्हणालं तर मी घाई करत नाही. तिसरी-चौथीतलं मूल तसं म्हणत असेल आणि त्यामुळं वर्गात तोंड उघडायचंच टाळत असेल, तर मात्र त्याचं काम हाती घेते. त्याआधी कानांची तपासणी झालेली असलीच पाहिजे. जे नीट ऐकूच येत नाही ते बोलून घेण्याचा हट्ट धरणं हा मुलावर अन्याय आहे.

दुसरी चौकशी घरच्या बोलीची. जाफ्राबाद तालुका बुलढाण्याला लागून आहे. त्या पट्ट्यातल्या काही घरांत डोळ्याला डोया आणि केळ्याला केयं म्हणतात. तिथलं मूल 'पोया' म्हणालं तर त्याच्या जिभेत काही दोष नाही, ती त्याच्या आजीची भाषा आहे. "मॅडम, आमच्याकडं समदेच असं बोलतेत," असं एखादी आई सांगते तेव्हा ती बरोबर असते, आणि मी तसं तिला स्पष्ट सांगते. दखनी उर्दू बोलणाऱ्या घरातल्या मुलाच्या भाषेत ळ नाहीच. त्याला मराठीच्या तासासाठी ळ शिकवता येतो, पण तो शिकवणं म्हणजे उपचार नव्हे. त्या मुलाची खरी अडचण दुसऱ्या एखाद्या वर्णाची असेल, तर माझा सण ईद असतो आणि ख साठी शीरखुर्मा हाताशी असतो.

शाळा जूनमध्ये उघडते आणि श्रावणी अमावास्येला पोळा येतो. सुरुवातीला हा सण मिळतो हे फार सोयीचं आहे. ळ मराठी शब्दाच्या आरंभी येत नाही, त्यामुळं मधल्या जागेपासूनच उचलावा लागतो. 'पोळा'त तो दोन मोकळ्या स्वरांच्या मध्ये असतो, जिभेला वळायला सवड मिळते. साहित्य म्हणाल तर ओढ्याकाठची माती आणि रंगीत दोरा. मुलं बैल करतात, मी बोलण्याची संधी शोधते. "हे काय आहे?" असा प्रश्न मी शक्यतो विचारत नाही. बैल दोघांनाही दिसत असतो, मग मुलानं उत्तर तरी का द्यावं? त्यापेक्षा मी झूल बैलाच्या पोटाखाली बांधायला घेते आणि गप्प राहते. "तिथं नाही, बाई! वर!" हे वाक्य मुलाच्या आतून येतं. ज्या मुलांना वाक्यं जुळवायला जड जातं, त्यांच्यासाठी पोळ्याचा क्रमच कामाला येतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळण, सकाळी आंघोळ, मग शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळ, वेशीत मिरवणूक, शेवटी घरी पुरणपोळीचा घास. आधी काय, मग काय, हे त्या मुलांनी गोठ्यात पाहिलेलं असतं. त्यांना शब्द हवे असतात, विषय नको असतो. सरावाच्या छापील कागदावरच्या बर्फाच्या माणसाबद्दल जालन्याच्या मुलानं काय सांगावं? त्यानं बर्फ पाहिला तो गोळेवाल्याच्या गाडीवर.

इथं पिपाणीबद्दल बोलायलाच हवं. राजूरच्या गणपतीला किंवा अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या जत्रेत पिपाण्या मिळतात, आणि त्या फुंकल्यानं, मेणबत्त्या विझवल्यानं जीभ-ओठ बळकट होऊन बोलणं सुधारतं, असा समज शिक्षकांत आणि आमच्या काही सहकाऱ्यांतही आहे. मला तो पटत नाही. फुंकणं फुंकण्यानं सुधारतं, बोलणं बोलण्यानं. जत्रेत पिपाणी वाजवण्याचा आनंद मुलानं जरूर घ्यावा, पण उपचाराची वीस मिनिटं तिच्यात घालवू नयेत.

दिवाळीचं नियोजन मात्र सगळ्यांत अवघड, आणि त्याचं कारण ळ नाही. अंबड, घनसावंगी, मंठा या भागांतली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि हजेरीपटावरचं मूल थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत दिसतं. जेमतेम सुटा ळ साधलेला असतो, शब्दात बसू लागलेला असतो, तेवढ्यात ते निघून जातं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधीचे दिवस मी आकाशकंदिलांत घालवत नाही. आईला, आणि बहुतेक वेळा मोठ्या बहिणीला, शेजारी बसवते आणि कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या तात्पुरत्या झोपडीत, जमेल एवढंच काम देते: चूल पेटवताना तीन शब्द, झोपताना तेच तीन. चुकलं तर रागवायचं नाही, आपण नीट म्हणून दाखवायचं आणि पुढं जायचं. त्या तीन शब्दांत 'गूळ' असतो, कारण तो कोपीवरही असतो.

तांड्यावरच्या मुलींना दिवाळी वेगळंच देऊन जाते. बंजारा समाजात मुली हातात दिवे घेऊन घरोघर मेरा मागत फिरतात. ठरलेलं बोलणं, त्यात फक्त समोरच्याचं नातं बदलत जातं. एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणवून घ्यायला मी वर्गात जी धडपड करते, ती इथं परंपरेनं करून ठेवलेली आहे. मी त्या मुलींकडून मेरा शिकून घेते आणि त्याच चालीवर सराव बांधते.

संक्रांतीचा 'तिळगूळ' उच्चाराला जड, ळ लगेच ग वर आदळतो. पण अडखळत बोलणाऱ्या मुलांसाठी हा सण मोलाचा आहे. "तिळगूळ घ्या, गोड बोला" हे ठरलेलं वाक्य पुष्कळदा त्यांच्या तोंडून सहज निघतं. गणपतीची आरती सर्वांसोबत म्हणतानाही ती अडखळत नाहीत. हे पाहून "बघा, नीट बोलता येतंय की, मुद्दामच करतो," असं कुणी म्हणू नये. एकसुरात म्हणणं आणि स्वतःच्या मनातलं सांगणं यांत मोठा फरक असतो. आरतीनं अडखळणं बरं होत नाही. आपला आवाज मोकळा निघू शकतो, हे मुलाला कळतं. मी तिथून पुढं सरकते. तिळगूळ देऊन झाल्यावर समोरच्यानं एक प्रश्न विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. वाक्य त्याच्या वतीनं पुरं करायचं नाही. हे थांबणं मी मुलांना नव्हे, शिक्षकांना शिकवते.

होळीपर्यंत ज्या मुलांचा ळ शब्दांत रुळला, त्यांच्याकडून मी शब्द म्हणवून घेणं सोडून देते. जालना शहरात धुळवडीला हत्तीची मिरवणूक निघते. ती पाहून आलेलं मूल आपोआप बोलत सुटतं, आणि त्या धावत्या बोलण्यात ळ टिकला की काम झालं.

जिल्ह्यात वाचा-उपचाराचं शिक्षण घेतलेली माणसं गरजेच्या मानानं फार थोडी आहेत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मान्य केलेल्या २१ प्रकारांत वाचा आणि भाषा दिव्यांगत्वही येतं, पण कायदा वर्गात बसून मुलाला ऐकत नाही, गुरुजी आणि बाई ऐकतात. त्यांना माझी विनंती आहे. वर्गातल्या एखाद्या मुलाचं बोलणं कळत नसेल, तर आधी त्याचे कान तपासून घ्या, मग घरची बोली विचारा, आणि तरीही अडचण दिसली तर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना कळवा. हे दिवाळीच्या आधी करा. नंतर ते मूल गावात नसेल.