वेठ आणि दुसरा कोस

वेठीला धरून एक कोस नेणाऱ्याबरोबर दोन कोस जावे, असा उपदेश मत्तयाच्या शुभवर्तमानातील गिरिप्रवचनात आहे. रोमी अंमलाखालील सक्तीची ओझेवाहणी हा त्याचा ऐतिहासिक संदर्भ. मराठी भाषांतरातील 'वेठ' हा शब्द तो नेमका पकडतो. पण त्यामागे वाचकाचाही इतिहास उभा असतो. सातारा-सांगलीकडील गावगाड्यात वतनाच्या नावाखाली महारांकडून वेठ घेतली जाई. १९५८ च्या कायद्याने ती वतने रद्द झाली.

१८९३ मध्ये रेल्वेप्रवासात नवा करार हाती आला आणि याच प्रवचनाने नारायण वामन टिळकांना झपाटले. अखेरच्या काळात त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. मात्र ब्राह्मण टिळकांनी वाचलेले वाक्य आणि ओझी वाहिलेल्याच्या नातवाने वाचलेले वाक्य एकच राहत नाही. पहिल्याला ते नम्रता शिकवते; दुसऱ्याला ते जुन्याच सक्तीचे समर्थन वाटू शकते.

येथे इतिहास उपयोगी पडतो. बोलणारा स्वतः जित समाजातला होता. पहिला कोस सत्तेचा; दुसरा चालणाऱ्याच्या स्वेच्छेचा. म्हणून तो स्वीकारता येतो, लादता येत नाही. हे वचन स्वतःला लावू पाहणाऱ्याने आधी ठरवावे, की आपण ओझे वाहणारे आहोत, की लादणारे.