सही करण्यापूर्वी वाचा

कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत २००६ साली विडी कामगार भगिनींना हक्काची १०,००० घरे मिळाली. याच भागातील एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून आहे. मागच्या बैठकीत शाळेचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा सहीसाठी माझ्यापुढे आला. मी वाचायला घेतला. त्यात लिहिले होते, नदीला पूर आल्यास मुलांना काठापासून दूर न्यावे. आमच्या शाळेजवळ नदीच नाही! ज्या गॅसवर रोज खिचडी शिजते, त्याच्याबद्दल मात्र एक ओळही नव्हती.

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघराची आग गवती छपराला लागली. ९४ लेकरे जळून गेली. ती गरिबांचीच होती. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोलापूरकर विसरलेले नाहीत. तो पहाटे झाला. शाळा भरलेली असती तर?

मी सही केली नाही. आम्ही चार आया गुरुजींसोबत बसलो व आराखडा नव्याने लिहिला. सिलिंडर वर्गांपासून दूर ठेवायचा. जिन्यात बाके रचायची नाहीत. धोक्याची घंटा सुट्टीच्या घंटेपेक्षा वेगळी वाजवायची आणि तिचा अर्थ मुलांना मराठी, तेलुगू व कन्नडमधून सांगायचा. चौथीतली एक मुलगी कुबडीशिवाय चालू शकत नाही. तिला कोणी उचलायचे, ते नावानिशी लिहिले. आई कारखान्यावर विड्या द्यायला गेली असेल तर लेकरू कोणाच्या हाती द्यायचे, तेही लिहिले. हे साहेबांना कचेरीत बसून कसे कळणार? ते आपल्यालाच ठाऊक असते.

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांच्या या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. वंचित घटकांच्या पालकांनाही त्यात वाटा आहे. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हा आपला हक्क आहे.

माता-भगिनींनो, तथागतांनी अप्रमाद शिकविला, म्हणजे सदैव सावध राहणे. बाबासाहेबांमुळे आपला अंगठा गेला आणि सही आली. ती न वाचता करू नका. येत्या बैठकीत आपल्या शाळेचा आराखडा मागा आणि मोठ्याने वाचायला लावा.

जय भीम!