बेटं वगळलेलं सरोवर

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जॉन फ्रेडरिक केन्सेटचं ‘लेक जॉर्ज’ आहे. १८६९ सालचं तैलचित्र, जवळजवळ पावणेदोन मीटर रुंद. करडं-निळसर पाणी, पलीकडे धूसर डोंगर, वर फिकट आभाळ. न्यू जर्सीत राहायला आल्यापासून वेळ मिळेल तेव्हा मी ते पाहायला जाते.

अगदी जवळून पाहावं असं हे चित्र आहे. अलीकडच्या काठावरचे खडक किती निगुतीने रंगवलेत! भेगा, डाग, कडेची झाडी, सगळं बारीक कुंचल्याने टिपलेलं. केन्सेट मुळात धातूच्या पत्र्यावर कोरीवकाम करणारा. बँकांच्या नोटांची कामंही त्याने केली होती. पाण्याकडे वळलं की मात्र तोच हात दिसेनासा होतो. फटकारे शोधावे लागतात.

एका ऑक्टोबरात आम्ही प्रत्यक्ष लेक जॉर्जला गेलो. अभ्यासकांच्या मते हे दृश्य बहुधा बोल्टन लँडिंगसमोरच्या क्राउन बेटावरून दिसणारं आहे. आमची बोट त्या बाजूला वळली आणि समोर बेटंच बेटं! झाडांनी गच्च भरलेली, एकामागून एक डोकं वर काढणारी. सुमारे ५१ किलोमीटर लांबीच्या या सरोवरात दीडशेहून जास्त बेटं आहेत. केन्सेटने समोरची बरीचशी सरळ गाळली, डोंगरांच्या कडाही बदलल्या. इथे १८१७ पासून आगबोटी चालत होत्या आणि त्याच्या काळात उन्हाळ्यात पर्यटकांची रीघ लागायची. चित्रात धुराची रेघसुद्धा नाही.

याला कुणी खोटेपणा म्हणालं तर मला ते पटणार नाही. चारच वर्षांपूर्वी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं होतं, लाखो माणसं गेली होती. १८६४ मध्ये जखमी सैनिकांच्या मदतीसाठी न्यूयॉर्कला मोठा मेळा भरला, त्यातल्या चित्रप्रदर्शनासाठी केन्सेट स्वतः राबला. युद्धामुळेच त्याने बेटं गाळली, असं मी म्हणणार नाही. पण सरोवरावर ती शांतता आयती पडलेली नव्हती, हे तिथे बोटीत बसल्यावर मला कळलं. काय ठेवायचं नि काय सोडायचं हे ठरवत त्याने ती उभी केली आहे, आणि त्याचं मोठेपण मला तिथेच वाटतं.

पुढे तो हात आणखी मोकळा झाला. केन्सेट १८७२ च्या डिसेंबरात गेला. त्या शेवटच्या उन्हाळ्यातली चित्रं त्याच्या भावाने १८७४ मध्ये याच म्युझियमला दिली. त्यातल्या ‘ईटन्स नेक’मध्ये किनाऱ्याची वळलेली पट्टी, टेकाड, समुद्र आणि आभाळ, एवढंच उरलं आहे. पुष्कळांना तेच जास्त आवडतं. माझा कौल मात्र ‘लेक जॉर्ज’ला, कारण खडकाची एकेक भेग जपणारा माणूस समोरचं अख्खं बेट सोडून देतो, हे दोन्ही तिथे एकाच चौकटीत पाहायला मिळतं.