पेटीतले कपडे

नातीसाठी हौसेने शिवलेले परकर-पोलके आमच्या बडोद्याच्या घरी कपाटात पडून आहे. ती परदेशी असते. दोन वर्षांत येणे झाले नाही. परवा दक्षिण आफ्रिकेतील अभिनेत्री व कवयित्री ग्सीना म्ह्लोफे यांचे ‘हॅव यू सीन झांडिले?’ हे नाटक वाचले आणि ते कपाट पुन्हा उघडले.

म्ह्लोफे यांचा जन्म १९५८ सालचा, हॅमर्सडेलचा. वडील झुलू, आई खोसा. वर्णभेदाच्या राजवटीत घरकाम करून, पुढे वृत्तनिवेदन करीत त्या रंगभूमीवर आल्या. हे आत्मचरित्रपर नाटक १९८६ साली जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरात झाले. झांडिलेची भूमिका त्यांनीच केली.

आजीपाशी वाढणाऱ्या आठ वर्षांच्या झांडिलेला आई दूर ट्रान्सकाइला नेते. आजी तिच्यासाठी भेटवस्तू जमवीत राहते. नात परतते तेव्हा आजी नसते, पेटी असते. तिच्यातले कपडे नातीला आता होत नाहीत.

आजीच्या गोष्टी मात्र आखूड झाल्या नाहीत. म्ह्लोफे पुढे झुलू, खोसा, इंग्रजी व आफ्रिकान्स अशा चार भाषांतून कथा सांगू लागल्या. वाचनाची गोडी लावण्यासाठी त्यांनी खेड्यांतील शाळांसाठी ‘नोझिन्क्वाडी’, म्हणजे ‘पुस्तकांची आई’, ही मोहीम काढली.

परकर-पोलके मी टपालाने पाठवून दिले आणि दर रविवारी फोनवरून एक गोष्ट सांगायचे ठरवले. पहिल्याच रविवारी नातीने अडवले, “आजी, उतरंड म्हणजे काय?” ते सांगण्यातच अर्धा तास गेला. गोष्ट पुढच्या रविवारी.