आजोबांची पेढी, नातवाचा पियानो

जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात १९२८ साली कार्ल जोएल या ज्यू व्यापाऱ्याने टपालाने कापडचोपड विकण्याचा व्यवसाय सुरू केला. घरोघरी सूचिपत्र पाठवावे, टपालानेच मागणी यावी आणि माल ग्राहकाच्या दारी पोहोचता करावा, अशी ती पद्धत. थोड्याच वर्षांत पेढीचा जम उत्तम बसला. पण नाझी राजवटीत ज्यूंना व्यापार करणेच अशक्य झाले. १९३८ मध्ये ही पेढी तिच्या मोलाच्या मानाने अत्यल्प किमतीत योझेफ नेकरमान यांच्या स्वाधीन करावी लागली. ठरलेली रक्कमदेखील कार्ल यांच्या हाती पडली नाही. स्वित्झर्लंड, क्यूबा अशी मजल दरमजल करीत हे कुटुंब अमेरिकेस पोहोचले.

भरभराटीचा व्यापार गेला. पण कार्ल यांचा मुलगा हेल्मुट पियानो शिकला होता, ती विद्या कोणाला जप्त करता आली नाही. त्याचा मुलगा विल्यम मार्टिन जोएल ९ मे १९४९ रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मला. पुढे जगाने त्याला बिली जोएल या नावाने ओळखले. आईवडील विभक्त झाले, वडील युरोपात परतून व्हिएन्नात स्थायिक झाले. आई रोझालिंड हिने ओढगस्तीत मुलांना वाढवले, पण बिलीचे पियानोचे शिक्षण थांबू दिले नाही. घराला हातभार लावण्यासाठी मुलगा रात्री उपाहारगृहांतून वाजवू लागला. जागरणामुळे एक परीक्षा हुकली आणि शाळेचे प्रमाणपत्र राहिले. ते त्याला पंचवीस वर्षांनी, १९९२ मध्ये, मिळाले.

आजोबांना राजसत्तेने लुबाडले. नातवाला कागदाने गोवले. १९७१ च्या सुमारास निर्माता आर्टी रिप यांच्याशी केलेल्या करारात तरुण बिलीने आपल्या गीतांचे हक्कच लिहून दिले होते. पहिली ध्वनिमुद्रिका चुकीच्या गतीने तयार झाल्याने त्याचा आवाज विचित्र उंच उमटला. करारातून सुटण्याची वाट पाहत तो लॉस एंजेलिसला गेला आणि ‘बिल मार्टिन’ या नावाने एका मद्यालयात पियानो वाजवू लागला. तेथील एकाकी, थकलेल्या गिऱ्हाइकांवर त्याने रचलेले ‘पियानो मॅन’ हे गीत १९७३ मध्ये आले आणि तेच त्याचे कायमचे बिरुद झाले. तीन मात्रांच्या झुलत्या लयीतील, माउथ ऑर्गनच्या साथीचे हे गीत सुरुवातीला अमेरिकन यादीत पंचविसाव्या स्थानापर्यंतच पोहोचले होते.

खरे यश आणले १९७७ च्या ‘द स्ट्रेंजर’ने. निर्माते फिल रमोन यांनी बिलीला त्याच्या स्वतःच्या वादकांसह वाजवू दिले. त्यातील ‘जस्ट द वे यू आर’ला दोन प्रमुख ग्रॅमी पुरस्कार मिळाले. मौज अशी की, हे गीत संग्रहात घ्यावे की नाही याविषयी खुद्द बिलीच साशंक होता. याच संग्रहातील ‘व्हिएन्ना’ हे गीत वडिलांच्या भेटीतून सुचले. त्या शहरात एक वृद्धा रस्ता झाडताना दिसली. म्हातारपणीही माणसाला काम आणि स्थान असते, हे त्याला उमगले. तेव्हा तबकडीच्या मागल्या बाजूस गेलेले हे गीत आज तरुण पिढी आवडीने ऐकते.

‘फिफ्टी सेकंड स्ट्रीट’ला वर्षातील सर्वोत्तम संग्रहाचे ग्रॅमी मिळाले, १९८२ मध्ये जपानात कॉम्पॅक्ट डिस्क प्रथम विक्रीस आली तीही याच संग्रहाची. ‘इट्स स्टिल रॉक अँड रोल टू मी’, ‘टेल हर अबाउट इट’ आणि १९८९ चे ‘वी डिडन्ट स्टार्ट द फायर’ ही त्याची अमेरिकेत अव्वल ठरलेली तीन गीते.

दरम्यान सीबीएस रेकॉर्ड्सचे प्रमुख वॉल्टर येट्निकॉफ यांनी गीतांचे गहाण पडलेले हक्क सोडवून बिलीला परत दिले होते. पण कागदाचा फेरा सुटला, तरी नात्याचा फेरा उरला होता. अनेक वर्षे व्यवहार पाहणारे फ्रँक वेबर हे त्याच्या पहिल्या पत्नीचे भाऊ. हिशेबतपासणीनंतर १९८९ मध्ये बिलीने त्यांच्यावर अफरातफरीचा आरोप करून ९ कोटी डॉलरचा दावा लावला. घरातल्या माणसाकडे चोपड्या सोपवून निश्चिंत राहण्याची सवय व्यापारी कुटुंबांना परकी नाही. विश्वास आणि हिशेब या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे मात्र उशिराच कळते.

१९९३ च्या ‘रिव्हर ऑफ ड्रीम्स’नंतर त्याने पॉप गीतांचे नवे संग्रह काढणे थांबवले, २००१ मध्ये स्वतः रचलेल्या अभिजात पियानोरचनांचा संग्रह मात्र काढला. २०१४ पासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो जवळजवळ दर महिन्याला वाजवू लागला; करोनाकाळाचा खंड वगळता हा क्रम जुलै २०२४ पर्यंत चालला. त्या अखेरच्या रात्री या सभागृहातील त्याचा एकूण १५० वा कार्यक्रम झाला.

या कार्यक्रमांत एक प्रथा तो कटाक्षाने पाळी. पुढच्या रांगांची तिकिटे विक्रीस काढली जात नसत, कारण ती काळाबाजारवाले उचलत आणि चढ्या भावाने श्रीमंतांना विकत. कार्यक्रमापूर्वी त्याची माणसे वरच्या, स्वस्त रांगांत जात आणि तेथील श्रोत्यांना मोफत पुढे आणून बसवीत. पियानोच्या अगदी समोर मग ती माणसे असत, ज्यांनी सर्वांत कमी पैसे मोजले होते आणि जी गाण्यासाठीच आली होती.