१२२ ची लय

डीप हाऊस हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातले संथ आणि सुरेल वळण आहे. मिनिटाला साधारण १२० ते १२४ ठोके, प्रत्येक मात्रेवर किक, मधल्या जागांत हाय-हॅट आणि या सगळ्यावर लांबवलेले मायनर सेव्हन्थ किंवा नाइन्थ जातीचे कॉर्ड, असा त्याचा सांगाडा. हाऊस संगीत शिकागोत १९८० च्या दशकात जन्मले. लॅरी हर्डने 'मिस्टर फिंगर्स' या नावाने १९८६ मध्ये काढलेल्या 'कॅन यू फील इट' या रचनेने त्याला अंतर्मुख केले. रोलँड कंपनीचा ज्यूनो-६० सिंथेसायझर आणि टीआर-९०९ हे तालयंत्र एवढ्याच सामग्रीवर ती रचना उभी आहे. फारसे काही घडत नाही, तरी कान बेसच्या फिरत्या ओळीला सोडत नाही. मेलोडिक हाऊस हे नाव त्यामानाने अलीकडचे. डीजेंचे मोठे ऑनलाइन दुकान असलेल्या बीटपोर्टने मेलोडिक हाऊस आणि टेक्नो यांचा एकत्र कप्पा २०१८ मध्ये सुरू केला.

मराठी मुलखाला हे संगीत परके मानण्याचे कारण नाही. हिंदी चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. भैरवी, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. साधने होती रोलँडचीच: टीआर-८०८ तालासाठी, टीबी-३०३ बेससाठी, ज्युपिटर-८ सुरावटीसाठी. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. बेसगिटारच्या नकलेसाठी ठेवलेली ती सोय सिंग यांच्या हाती मींडेच्या कामाला आली. शिकागोच्या फ्यूचर या गटाची टीबी-३०३ वरची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रचना १९८७ ची. त्याच यंत्राचा तसाच गुरगुरता आवाज मुंबईत पाच वर्षे आधी ध्वनिमुद्रित झाला होता. तेव्हा तबकडी फारशी विकली गेली नाही. एका डच संग्राहकाला ती सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि मग जगाने ऐकली. सिंग २०१५ मध्ये मुंबईत वारले. या संगीताकडे वळणाऱ्या कोणाही मराठी मुलाने सर्वांत आधी हा संच ऐकावा, कारण यंत्राला रागाची शिस्त कशी लावायची हे त्यात स्वच्छ दिसते.

मुंबईपासून दूर, यवतमाळ जिल्ह्यातला कान मात्र वेगळ्या वातावरणात घडतो. वरातीत धुमाळ, ऑक्टापॅडचा कडकडाट, गणपतीत आणि यवतमाळच्या गाजलेल्या दुर्गोत्सवात डीजेची गाडी. पुसद-दिग्रसकडच्या बंजारा तांड्यांत होळीला नंगाऱ्यावर लेंगी रंगते. केळापूर, झरीकडे गोंड-कोलामांचा ढेमसा ढोलाच्या एकाच चालीवर बराच वेळ फिरत राहतो. यातला वरातीचा डीजे ड्रॉपवर जगतो: ठोका तोडायचा, गर्दीला क्षणभर अधांतरी ठेवायचे आणि बेस एकदम सोडायचा. ढेमसा आणि लेंगी यांची रीत निराळी आहे. तिथे आवर्तन तेच राहते आणि रंग हळूहळू चढतो. डीप हाऊस या दुसऱ्या रीतीच्या जवळचे आहे. म्हणून ते 'शहरी' म्हणून बाजूला ठेवणे बरोबर नाही. त्यासाठी लागणारा धीर जिल्ह्यातल्या जुन्या नाचांत आधीपासून आहे.

नवे संगीत बहुतेक शुक्रवारी येते. १० जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवार हाच प्रकाशनाचा दिवस ठरला आहे. एकेका आठवड्यात निघणाऱ्या रचना इतक्या असतात की सगळे ऐकणे शक्य नसते. उपाय म्हणून जाणकार डीजे लेबल धरून ऐकतो. लंडनचे अंजुनादीप, बर्लिनचे इनरव्हिजन्स, ली बरिजचे 'ऑल डे आय ड्रीम' अशी ही घराणी आहेत. अंजुनादीपचे मातृलेबल अंजुनाबीट्स, आणि त्याचे नाव गोव्याच्या अंजुणा किनाऱ्यावरून घेतलेले. गोव्यातला अनिश सूद 'अन्यासा' या नावाने अंजुनादीपवरून संगीत प्रकाशित करतो.

रचना विकत घेताना 'एक्स्टेंडेड मिक्स' घ्यावा. रेडिओसाठीची आवृत्ती तीन-चार मिनिटांची, तिची सुरुवात थेट सुरावटीने होते आणि मिसळायला जागाच उरत नाही. एक्स्टेंडेडमध्ये सुरुवातीला आणि शेवटी नुसता ताल असतो. १२२ च्या लयीत ३२ बार म्हणजे १२८ मात्रा, सुमारे ६३ सेकंद. एवढ्या अवधीत आधीचे गाणे उतरवायचे आणि नवे चढवायचे असते.

पहिल्यांदा ऐकणे फोनवर होते, आणि तिथेच सर्वांत मोठी फसगत होते. फोनच्या छोट्या स्पीकरला खालचे स्वर पेलत नाहीत; डीप हाऊसचा जीव तर तिथेच, पन्नास-साठ हर्ट्झच्या आसपास असतो. पन्नास हर्ट्झची ध्वनिलहर जवळपास सात मीटर लांब असते. अरुंद गल्लीत ती भिंतींवरून परतते, एखाद्या जागी दुप्पट होते, दोन पावले पुढे गेले की नाहीशी होते. गाडीवरचे बॉक्स लावताना हे ध्यानात घेतले नाही तर बेसची ओळ गुरगुराटात बुडते आणि उरते ती फक्त धडधड. किक आणि बेस एकमेकांत मिसळू नयेत म्हणून चांगली रचना साइडचेनची युक्ती वापरते: किक पडते त्या क्षणी बेसचा आवाज कॉम्प्रेसर किंचित दाबतो आणि लगेच सोडतो. १२२ च्या लयीत दोन किकांत अर्ध्या सेकंदाहूनही थोडे कमी अंतर असते, आणि बेस त्या फटीतच श्वास घेतो. ती उघडझाप चांगल्या हेडफोनवर स्पष्ट ऐकू येते. ती नीट जमली असेल तर निवडीचे अर्धे काम तिथेच झाले.

उरलेले काम स्वराचे. मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गाण्याला आकडा मिळतो. ए मायनरला '८ए' म्हटले जाते. त्याला डी मायनर, ई मायनर आणि सी मेजर चालतात. हा हिशेब उपयोगी आहे, पण रागावर आधारलेल्या रचनांत तो पुरत नाही. मालकंसात रिषभ नाही, पंचमही नाही. मालकंसाची बासरी वर वाजत असताना खाली षड्जाचा साधा मायनर कॉर्ड धरला तर त्यातला पंचम राग मोडतो, आणि सॉफ्टवेअर मात्र स्वर जुळल्याचे सांगते. मध्यमावरचा मायनर सेव्हन्थ घ्यावा: मध्यम, कोमल धैवत, षड्ज, कोमल गंधार, चारही स्वर मालकंसातले. अलीकडच्या पुष्कळ रचनांत भारतीय वाद्ये केवळ सजावटीसाठी येतात आणि नेमकी याच ठिकाणी उघडी पडतात. पेटीवर पाच मिनिटे बसून तपासणारा डीजे अशा रचना विकत घेत नाही.

वाजवायला जागा कुठली, हा जिल्ह्यातला खरा प्रश्न. क्लब नाही; मिरवणुकीला ही लय चालत नाही. उरतो लॉनवरचा स्वागत समारंभ, आणि तो या संगीताला शोभतो. पाहुणे भेटत-बोलत असतात, आवाज बोलण्याच्या खाली ठेवावा लागतो. निवासी भागासाठीची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी. त्यामुळे क्रम दहापासून मागे मोजत आखावा लागतो: सातला ११० च्या आसपासची लय, पंगती बसल्या की ११६, साडेआठच्या सुमारास १२२. साडेनऊला नवरदेवाचे मित्र धुमाळाची फर्माईश घेऊन येतातच. ती शेवटच्या अर्ध्या तासात वाजवावी, आणि दहाला पाच मिनिटे कमी असताना फेडर खाली आणायला सुरुवात करावी.