एकटी पाटली

‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला’ हे वाक्य चेतनगुणोक्तीचे उदाहरण म्हणून मी कितीदा तरी फळ्यावर लिहिले असेल. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात मात्र त्या वाक्याची किंमत ठरलेली होती: आजीची एक पाटली. १९६२ साली तिने ती संरक्षण निधीला दिली. उरलेली मरेपर्यंत एकटीच वापरली. जोड काही केला नाही.

यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली २१ नोव्हेंबर १९६२ रोजी. चीनने एकतर्फी युद्धबंदी पुकारली तीही त्याच दिवशी! हे प्रथम वाचले तेव्हा, खरे सांगतो, पाटलीची हळहळ वाटली. मग धावून जाऊन केले काय?

तर बसून काम केले. पराभवाची चौकशी, डोंगरी लढाईसाठी नव्या पलटणी, १९६४ ची पंचवार्षिक संरक्षण योजना. सगळे कंटाळवाणे, कागदी. आणि मग १ सप्टेंबर १९६५. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसलेले. हवाई दल वापरायचे की नाही, एवढाच प्रश्न. चव्हाणांनी तिथल्या तिथे होकार दिला. त्याच संध्याकाळी विमाने झेपावली.

उरलेली पाटली आमच्या कपाटात आहे. सोन्याचा भाव ऐकला की सौभाग्यवती ती काढून बघते आणि परत ठेवते.